एल्डन रिंग हा गेम वर्षभरानंतर पुन्हा उघडला. कंट्रोल्स विसरलोय, साधे सैनिकही मारतात. जुनाच सेव्ह चालवू की नवा कॅरेक्टर काढू? डीएलसी (गेमचा वेगळा विकत मिळणारा जोडभाग) आत्ताच घेऊ का?

जुनाच सेव्ह चालवा. तुम्ही लिहिलंय की राजधानीत मॉर्गॉट या बॉसपाशी अडकला होतात, नंतर नोकरी बदलली आणि खेळ सुटला, आता मित्र म्हणतात, "पहिल्यापासून घे, हात बसेल." ते ऐकू नका. विसरलीत ती तुमची बोटं. कॅरेक्टरची लेव्हल, शस्त्रं, जीव भरून काढणारे फ्लास्क, सगळं जागेवर आहे. नवा काढलात तर लिमग्रेव्ह या पहिल्या भागात चार दिवस बरं वाटेल, मग पुढच्या लियुर्नियात आधी बघितलेल्याच गुहा परत बघताना कंटाळा येईल आणि तोही सेव्ह पडून राहील. नोकरी करणाऱ्या माणसाकडे रात्रीचे दोन तास असतात. ते पुसून टाकलेलं परत लिहिण्यात घालवू नयेत.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतोय कारण यावरून माझं आतेभावाशी चांगलंच वाजलं होतं. आमचा सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. वडिलांची बायपास झाली तेव्हा मी गेममधल्या फायर जायंट या बॉसपाशी होतो. त्यानंतर कारखाना माझ्याकडे आला. सूत, कामगारांच्या पाळ्या, वीजबिल, व्यापाऱ्यांची उधारी. रात्री घरी आलं की वडिलांच्या गोळ्या बघायच्या आणि झोपायचं. कंट्रोलर कपाटात गेला तो गेलाच.

परत काढला तो गड्ड्याच्या दिवसांत. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, कारखान्याला सुट्टी, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला सगळे पाहुणे घरी. पुण्याचा आतेभाऊही आला होता. रात्री होम मैदानावरून फिरून आलो आणि मी खेळायला बसलो, तो शेजारी. मी मुद्दाम लिमग्रेव्हला गेटफ्रंटच्या पडक्या छावणीत गेलो होतो, हात मोकळा करायला. तिथल्या सैनिकांनी मला धरून मारलं. हा म्हणाला, "अरे, हे काय चाललंय? डिलीट कर आणि नवीन घे. असा अर्धवट सेव्ह चालवण्यात काय मजा?" मी म्हटलं, "भावा, यात मी वर्ष घातलंय बे." तर म्हणे, "मग काय झालं, खरा प्लेअर शून्यातून उभा राहतो."

वडील बाहेरच्या खोलीत पडून ऐकत होते. त्यांना गेममधलं काही कळत नाही, पण त्यांनी तिथूनच विचारलं, "सुट्टीवरून आलेल्या कामगाराला आपण कुठले माग देतो?" आमच्याकडे नियम आहे: कुणी दोन-चार महिने गावाकडं राहून आला की त्याला त्याचीच जुनी मागांची जोडी द्यायची. कुठला माग कधी धागा तोडतो, कुठल्याचा आवाज बदलला की जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, हाक मारायची, हे त्याच्या हाताला माहीत असतं. पहिले दोन दिवस माल कमी निघतो, तिसऱ्या दिवशी हात चालायला लागतो. नवी जोडी दिली तर महिना जातो. आतेभाऊ हसला. मला ते हसणं आवडलं नाही, आजही आवडत नाही. चाळीस वर्षं कारखाना चालवलेला माणूस बोलत होता.

आता हात कसा बसवायचा ते. या गेममध्ये रोल, म्हणजे वार चुकवायची कोलांटी, बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतो, कारण तेच बटण धरून ठेवलं की पळणं सुरू होतं. गॅप पडलेला माणूस घाबरून बटण दाबूनच ठेवतो आणि रोल उशिरा निघतो. टक् करून सोडायचं. दुसरं, बटणं साठून राहतात. गडबडीत फ्लास्कचं बटण दोनदा दाबलं की दोनदा पितो आणि दुसऱ्या घोटाला मार खातो. तिसरं, अंगावरच्या सामानाचं वजन बघा. क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या वर गेलात की रोल जड होतो. वर्षापूर्वी कुठलं चिलखत घालून ठेवलं होतं ते आठवत नसतं. आणि हातात रुन्स (गेममधले पैसे) पडून असतील तर आधी लेव्हलला किंवा दुकानात खर्च करा, मग सरावाला जा. मेलेल्या जागी पडलेले रुन्स उचलायच्या आधी परत मेलात तर ते गेले.

सराव साध्या सैनिकांवर करा, ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसलं की ते परत उभे राहतात. मॉर्गॉट म्हणजे सुरुवातीच्या स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारातला मार्गिटच. काठी वर उचलून थांबतो आणि तुम्ही रोल करून झालात की मारतो, तीच खोड इथेही आहे. राजधानीच्या बाहेरच्या मैदानात मार्गिट आणखी एकदा भेटतो. तुमच्या सेव्हमध्ये तो शिल्लक असेल तर आधी त्याच्याकडे जा. काठीकडे बघून रोल करू नका, काठी खाली यायला लागली की करा.

बिल्ड, म्हणजे पॉइंट्सची वाटणी, पटत नसेल तरी नवा कॅरेक्टर लागत नाही. रेनाला या बॉसला हरवलंय, लार्व्हल टिअर ही वस्तू जवळ आहे, तर तिच्याकडे जाऊन सगळे पॉइंट्स परत वाटा.

गड्डा संपून पाहुणे गेल्यावर मी फायर जायंटकडे परत गेलो. बॉसच्या धुक्याच्या दाराअलीकडे बर्फात मदतीला बोलावायची सोनेरी खूण होती, अलेक्झांडरची. तो चालता-बोलता मोठा रांजण. स्टॉर्महिलला खड्ड्यात अडकलेल्या त्याला मी ठोकून बाहेर काढलं होतं, राडान या बॉसच्या जत्रेत तो माझ्याबरोबर लढला होता, नंतर लाव्हापाशी भेटला होता. हे सगळं मी विसरलो होतो, सेव्ह विसरला नव्हता. नवा कॅरेक्टर काढला असता तर ती खूण तिथे नसती. त्याला बोलावलं, माझ्याच कॅरेक्टरची नक्कल होऊन लढणारा मिमिक टिअरही काढला, आणि जायंट पडला. मी खोलीत एकटाच ओरडलो, वडील घाबरून उठले.

आतेभावाला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर, "मिमिकनं मारला, तू नाही." यावर मला एकदा स्पष्ट बोलायचंय. स्पिरिट अ‍ॅश, म्हणजे मिमिकसारखे मदतीला बोलवायचे आत्मे, गेममध्येच दिलेल्या आहेत. त्या शोधायला लागतात, वाढवायला लागतात, मिमिक तर बोलावताना तुमचंच रक्त घेतो. गेमचे दिग्दर्शक मियाझाकी यांनीही २०२४ च्या मुलाखतीत सांगितलंय की ते स्वतः मिळेल ती सगळी मदत वापरून खेळतात. ज्याला एकट्यानं लढायचंय त्यानं लढावं, मला आदर आहे. पण दिवसभर कारखाना सांभाळून रात्री अकराला बसणाऱ्या माणसाला "तू खेळलाच नाहीस" म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. तुमचे मित्र मॉर्गॉटबद्दल असंच काही बोलले तर मनावर घेऊ नका.

डीएलसी आत्ता नको. शॅडो ऑफ द अर्डट्री या डीएलसीत शिरायला राडान आणि मोग हे दोन्ही बॉस मेलेले लागतात, आणि आत गेल्यावर तुमच्या लेव्हलपेक्षा तिथे ताकद वाढवणारे स्काडूट्रीचे तुकडे किती गोळा केलेत यावर जास्त अवलंबून असतं. आधी मॉर्गॉट.

दोन गोष्टी राहिल्या. पीसीवर खेळत असाल तर ॲपडेटामधल्या एल्डन रिंगच्या फोल्डरची प्रत काढून ठेवा, सेव्ह त्यातच असतो. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधीही जाते, तुमच्याकडेही जात असेल. आणि तुमचा सेव्ह राजधानीऐवजी सुरुवातीच्या गोड्रिक या बॉसच्याही अलीकडे असता, तर मीही म्हटलं असतं नवा घ्या, तिथे गमावण्यासारखं फार काही नसतं. त्याच कंपनीच्या सेकिरो या गेमला यातलं थोडंच लागू होतं: तिथे अ‍ॅश नाहीत, बिल्ड नाही, सोबतीला बोलावायला कुणी नाही. तिथे मंदिरातल्या हनबेईसमोर उभं राहून तलवार अडवायचा सराव करा, तो त्यासाठीच आहे.