मुलीची सूत्रं पाठ आहेत, तरी शाब्दिक उदाहरण आलं की अडते. गणित-विज्ञान शाळेत शिकताना तुमचंही असंच झालं का? क्लास बदलावा का?

क्लास बदलून हे सुटणार नाही. तेच सूत्र नव्या वहीत उतरेल, एवढंच. सूत्रातलं प्रत्येक अक्षर म्हणजे कुणीतरी, कशाने तरी मोजलेली गोष्ट असते, आणि ते मोजणं तिला एकदाही हाताने करायला मिळालेलं नसतं. तुम्ही लिहिलंय की ती नववीत आहे, सेमीला आहे आणि तुम्ही नेरुळला राहता. म्हणजे खाडी जवळच. तेव्हा एकच उदाहरण देते, पण पूर्ण देते.

आमच्या दिवाळे या खाडीकाठच्या गावात जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी भरणार. दुसऱ्या पक्षात परत 1 पासून. मी हे दहावीत उत्तरात लिहिलं, तर शेरा आला: 'ठोकताळा नको, धड्यातलं लिहा.' दहावीच्या विज्ञान भाग 1 चा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, आणि हा ठोकताळा त्यातूनच निघतो.

पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15. चंद्र सूर्याच्या 12 अंश पुढे सरकला की एक तिथी होते, ही तिथीची व्याख्याच आहे. भरती चंद्राच्या ओढीने येते, म्हणून त्याला गाठायला पृथ्वीला ते 12 अंश जास्त फिरावे लागतात. 12 भागिले 15 म्हणजे 0.8 तास, 48 मिनिटं. दर तिथीला भरती साधारण इतकी पुढे जाते. पाऊणपट केली की 45 मिनिटं धरली जातात, कारण पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ असायची आणि होडीत बसून 0.8 ने गुणणार कोण? चूक तिथीमागे 3 मिनिटांची. चतुर्थीला 12 मिनिटं, अष्टमीला 24, पौर्णिमेला 45. मग प्रतिपदेला मोजणी नव्याने सुरू होते आणि साठलेली चूक पुसली जाते. पंधरा दिवसांपलीकडे चूक जाऊच नये अशी सोय केलेल्या पद्धतीला अडाणी म्हणणं मला आजही मान्य नाही.

पुस्तकात मात्र भरती रोज 50 मिनिटांनी पुढे जाते असं असतं. मुलगी इथे नक्की अडेल, आणि अडू दे. तिथी सरासरी 23 तास 37 मिनिटांची असते. आजच्या भरतीपासून उद्याच्या त्याच भरतीपर्यंत 24 तास 50 मिनिटं जातात. तेवढ्या वेळात सुमारे 1.05 तिथी होतात, आणि 1.05 गुणिले 48 म्हणजे 50.4. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त एक तिथीमागे आहे आणि दुसरा दिवसामागे. 'कशामागे' हा प्रश्न विचारायची सवय लागली की निम्मी शाब्दिक उदाहरणं तिथेच सुटतात.

आता मोजायचं कसं. सगळेजण पाणी सर्वात वर कधी आलं ते बघत बसतात आणि तिथेच फसतात, कारण शेवटच्या वीस मिनिटांत पाणी जेमतेम बोटभर चढतं. त्याऐवजी पाणी जिथवर चढतं त्याच्या वीतभर खालची जेट्टीची एक पायरी धरा. पाणी चढताना ती कधी बुडाली आणि उतरताना कधी उघडी पडली, या दोन वेळा लिहा. समजा 1:40 आणि 3:10. मधली वेळ 2:25, ती भरती. फार खालची पायरी धरू नका, खाडीत पाणी चढायला आणि उतरायला सारखाच वेळ लागतो असं नाही. उधाण, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, ओसरत गेलं की भरतीची उंची रोज कमी होते, तेव्हा पायरीही बदलावी लागते.

मग आलेख. आडव्या अक्षावर तिथी, उभ्यावर 12 नंतरचे तास. 2:25 ला 2.25 लिहिणारी मुलं मी शेकड्याने पाहिली आहेत. 25 भागिले 60 करा, 2.42 येतं. तिथी कॅलेंडरवर सकाळची असते, म्हणून ती कधी संपते तेही बघा आणि भरतीच्या वेळी जी असेल तीच धरा. रेषेचा चढ 0.8 च्या आसपास यायला हवा. शाळेत त्याला स्लोप म्हणतील, घरी दोन्ही शब्द वापरा. रेष शून्याच्या, म्हणजे 12 च्या, थोडी वर सुरू झाली तर खोडरबर हातात घेऊ नका, खाडीच्या आत भरती उशिरा पोचते. मध्येच रेष वाकडी होईल, तीही तशीच ठेवा. उधाणाच्या दिवसांत भरती रोज 50 मिनिटांपेक्षा कमी सरकते आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत तासाच्याही वर जाते, कारण चंद्राबरोबर सूर्याचीही ओढ असते.

बोर्डाच्या पेपरात मात्र हे चालणार नाही, हेही सांगायला हवं. तिथे सूत्र, किमती, एकक अशा पायऱ्यांना गुण असतात, तेव्हा त्या लिहिण्याचा सराव वेगळा करावाच लागेल. आणि पाऊणपट हा वेळेचा अंदाज आहे. होडीने जायचं असेल तर छापील भरती-ओहोटीचं वेळापत्रकच बघा. जेट्टीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिला एकटीला पाठवू नका. पावसाळा टाळा, आणि सुरुवात द्वितीयेपासून करा म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास सापडेल.