जॉर्ज कार्लिन यांचे अल्बम : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : अमेरिकी स्टँड-अप कलावंत जॉर्ज कार्लिन यांचे दूरचित्रवाणीसाठी चित्रित झालेले प्रयोग मी पाहिले आहेत. त्यांचे अल्बम वेगळे ऐकण्यासारखे आहेत का? असल्यास सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी?

उत्तर : अवश्य ऐकावेत, आणि सुरुवात १९७२ च्या ‘एफएम अँड एएम’पासून करावी. त्या काळी अमेरिकेत एएम रेडिओवर लोकप्रिय गाण्यांचा आणि जाहिरातींचा भरणा असे, तर एफएमवर तरुणांचे बंडखोर संगीत वाजे. हाच भेद धरून कार्लिन यांनी रेकॉर्डच्या एका बाजूला टीव्हीवर खपणाऱ्या आपल्या जुन्या नकला ठेवल्या आणि दुसऱ्या बाजूला लांब केस, अमली पदार्थ, संततिनियमन असे विषय घेतले. रेकॉर्डवर एफएमची बाजू पहिली आहे. तरीही एएमची आधी ऐकावी, असा माझा आग्रह आहे, कारण मग नकलाकाराचा आवाज मागे पडून त्यांचा स्वतःचा आवाज पुढे आलेला स्पष्ट जाणवतो.

त्यानंतर त्याच वर्षीचा ‘क्लास क्लाउन’ घ्यावा. टीव्हीवर उच्चारता न येणाऱ्या सात शब्दांमुळे तो गाजला आणि तेच शब्द मिलवॉकी येथे मंचावर उच्चारल्याबद्दल कार्लिन यांना अटकही झाली. पण मला त्यातील वर्गातल्या खोड्यांचा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण तोंडाने काढलेले चित्रविचित्र आवाज हाच त्याचा गाभा असून तो केवळ कानांनीच पूर्ण भोगता येतो. त्या शब्दांचा पुढचा विस्तार १९७३ च्या ‘ऑक्युपेशन : फूल’मध्ये आहे. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय केंद्राने तो भर दुपारी प्रसारित केल्यावर तक्रार झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल केंद्राच्या विरोधात लागला. खटल्याच्या कीर्तीमुळे या अल्बमकडे निव्वळ शिवराळपणा म्हणून पाहिले जाते, हे अन्यायाचे आहे; शब्दांचा नाद, त्यांची व्याकरणातली जागा आणि समाजाने त्यांना लावलेले नियम यांची इतकी बारकाईने केलेली तपासणी विनोदात क्वचितच आढळते.

नंतरचे बरेचसे अल्बम चित्रित प्रयोगांचेच ध्वनिमुद्रण असल्याने ते आपल्या परिचयाचे असतील. त्यांपैकी १९९२ चा ‘जॅमिन इन न्यूयॉर्क’ मात्र पुन्हा ऐकावा, विशेषतः पृथ्वीविषयीचे शेवटचे दीर्घ निवेदन. सत्तरच्या दशकातील अल्बम एकत्र हवे असतील, तर १९९९ मध्ये निघालेला ‘द लिटल डेव्हिड इयर्स’ हा संच पाहावा.