माझदा एमएक्स-५ च्या पिढ्या कशा ओळखायच्या आणि जुनी घेताना काय बघायचं?

या उघड्या छताच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या चार पिढ्या आहेत: एनए, एनबी, एनसी, एनडी. पहिली फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये आली. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. वर उघडणारे हेडलाइट दिसले की ती एनएच. एनबीला (1998) स्थिर दिवे आणि मागे काच, एनएला मागे प्लास्टिकची खिडकी. एनसी 2005 ची, जरा जड. 2015 च्या एनडीने वजन पुन्हा सुमारे एक टनावर आणलं, आणि ते फार बरं झालं.

1991 पर्यंतची 1.6 लिटर इंजिनची एनए घेत असाल तर आधी क्रँक पुली बघा, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या (क्रँकच्या) पुढच्या टोकावरचं चाक. पुलीला चार खाचा असतील तर क्रँकचं टोक आखूड. आठ असतील तर सुधारित, लांब. आखूड टोकावर टायमिंग बेल्ट (इंजिनच्या झडपा वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) बदलताना बोल्ट नीट टॉर्कने आवळला नाही, तर चावीची (क्रँकवरचं चाक जागेवर धरणाऱ्या धातूच्या खुंटीची) खाच झिजते, टायमिंग सरकतं आणि गाडीचा जोर जातो. इंजिन चालू ठेवून पुली डगमगते का ते पाहा. डगमगली तर ती गाडी सोडा.

मागच्या चाकांपुढचे सिलही (दाराखालचा पत्र्याचा भाग) तपासा. सीटमागच्या छताच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी तिथेच साचतं आणि पत्रा आतून गंजतो.