‘सरकारी नोंदींनुसार’ म्हणजे नेमक्या कोणत्या?

प्रश्न : निवृत्तीच्या पैशांतून बाणेरला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 90 लाखांचं ऑफिस बुक केलं, 5 लाख भरले. एजंटच्या ‘संशोधन अहवाला’त शेजारच्या इमारतीत चौरस फुटाला 140 रुपये भाडं आहे, आधार ‘सरकारी नोंदी’. त्यावरून माझ्या 450 फुटांना महिना 63,000 मिळतील, असं ते सांगतात. वाटपपत्रात मात्र रेरा कार्पेट (प्रत्यक्ष वापरता येणारं क्षेत्रफळ) 300 फूट आहे. करार व्हायचाय, तरी आणखी 13 लाख मागताहेत. काय करू?

उत्तर : आधी ते 13 लाख थांबवा. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम 13 नुसार करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्या बाबतीत ही मर्यादा 9 लाखांची आहे.

आता अहवाल. नोंदवलेल्या प्रत्येक कराराला दस्त क्रमांक असतो. 140 चा आकडा ज्या करारांवरून काढला त्यांचे क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय एजंटकडे ईमेलवर मागा. खरोखर नोंदी पाहिल्या असतील तर हे द्यायला पाच मिनिटं लागतात. टाळाटाळ झाली तर तो आकडा नाही असंच समजा.

क्रमांक मिळाले की नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा नोंदवलेला सारांश, काढा. ऑनलाइन नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स भाडेकरारांसाठी ‘ई-रजिस्ट्रेशन’ हा पर्यायही बघा. इंडेक्स टूमध्ये मोबदला (इथे भाडं), क्षेत्रफळ, पक्षकारांची नावं असतात. क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये दिसेल, त्याला 10.764 ने गुणा. 140 चा दर कार्पेट क्षेत्रफळावरचा निघाला तर तुमचं गणित बदलतं : 300 फुटांना 140 म्हणजे महिना 42,000. वर्षाचा परतावा 8.4 टक्क्यांवरून 5.6 वर येतो. आयुष्यभराच्या बचतीसाठी हा फरक फार मोठा आहे.

भाडेकरूचं नावही वाचा. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे संचालक पाहा. बिल्डरचेच लोक तिथे असतील तर ते भाडं बाजारातलं धरू नका.

लॉक-इन (भाडेकरूला जागा सोडता येत नाही तो काळ) किती, सुरुवातीचे किती महिने बिनभाड्याचे, हे इंडेक्स टूमध्ये नसतं. त्यासाठी कराराची प्रमाणित नक्कल मागा. स्थावर मालमत्तेचे दस्त नोंदणी कार्यालयाच्या ‘पुस्तक 1’ मध्ये जातात आणि नोंदणी कायद्याच्या कलम 57 नुसार त्याची नक्कल कोणालाही मिळते. ‘तुमचा संबंध काय?’ असं विचारलं तर हे कलम अर्जातच लिहा.

अहवाल जपून ठेवा. एजंटने खोटी माहिती देणं रेरा कायद्याच्या कलम 10 नुसार निषिद्ध आहे. बिल्डरच्या जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात हाच दावा असेल आणि तो खोटा ठरून तुमचं नुकसान झालं, तर त्याच कायद्याच्या कलम 12 खाली भरपाई मिळते, व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत मागता येतात. म्हणून हे भाडं बिल्डरकडूनही लेखी घ्या. तो लिहून देत नसेल तर करारावर सही करू नका.