हीट मारून किती दिवस? जुन्या लॅपटॉपची ग्राफिक्स चिप : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर रेघा, चौकोन किंवा नुसता काळोख दिसण्याच्या तक्रारी जास्त आहेत. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझा लॅपटॉप २००८ सालचा आहे, त्यात जीफोर्स ८६०० एम जीटी ही ग्राफिक्स चिप आहे. लग्नाच्या जुन्या मिनी-डीव्ही टेपा कॉम्प्युटरवर उतरवण्यासाठी त्याचा फायरवायर पोर्ट (कॅमेऱ्याची केबल लावायची जागा) लागतो. स्क्रीनवर उभ्या रेघा येतात आणि मग काहीच दिसत नाही. दुकानात चिपला हीट मारून आणली की दोन-तीन महिने चालतो. आता ते रीबॉलिंग करा म्हणतात. करावं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : त्याच चिपचं रीबॉलिंग असेल तर करू नका. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होईल.

चिपच्या खाली डाखेचे सांधे दोन थरांत असतात. वर सिलिकॉनचा चकचकीत चौकोन, ज्याला डाय म्हणतात. तो केसाच्या जाडीच्या बारीक ठिपक्यांनी खालच्या हिरव्या पट्टीला, म्हणजे सबस्ट्रेटला, जोडलेला असतो. सबस्ट्रेट पुढे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या गोळ्यांनी मदरबोर्डला जोडतात. रीबॉलिंगमध्ये बदलले जातात ते हे खालचे गोळे. तुमच्या चिपचं दुखणं वरच्या ठिपक्यांत आहे.

एनव्हिडियाने जुलै २००८ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या काही लॅपटॉप चिपांत डाय आणि पॅकेजिंगच्या सामग्रीत कमकुवतपणा आहे, आणि वॉरंटीच्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. ८६०० एम जीटी त्याच पिढीतली. सिलिकॉन तापमानाच्या एका अंशाला दहा लाखांत सुमारे ३ भाग फुगतं, सबस्ट्रेट त्याच्या पाचपट. लॅपटॉप चालू केला की दोघं वेगवेगळ्या मापाने ताणतात, बंद केला की आकसतात. मधल्या ठिपक्यांना आधार म्हणून भरलेला अंडरफिल हा चिकट पदार्थ लवकर मऊ पडणारा असेल तर सगळा ताण ठिपक्यांवर येतो आणि त्यांना तडे जातात. म्हणून नुसता जास्त तापणारा लॅपटॉपच मरतो असं नाही. दिवसातून आठ वेळा चालू-बंद होणाराही मरतो.

मग हीट मारल्यावर तो चालतो कसा? या पिढीतल्या ठिपक्यांच्या डाखेत शिशाचं प्रमाण फार, ती वितळायला ३०० अंशांच्या वर जावं लागतं. दुकानातली हीट २२०-२४० अंशांची. ठिपके वितळतच नाहीत. अंडरफिल मऊ होतो, भाग किंचित सरकतात आणि तड्याच्या दोन कडा पुन्हा एकमेकींना टेकतात. टेकलेल्या कडा जुळलेल्या नसतात, त्यामुळे पुढच्या काही महिन्यांच्या ताप-थंडीत त्या सुटणारच. प्रत्येक हीटबरोबर मदरबोर्डही थोडा वाकतो, तो तोटा वेगळा.

दुरुस्तीच करायची असेल तर सुधारित चिप बसवून घ्या. तुमच्या मालिकेत जुन्या चिपांच्या डायवर जी८४-६००-ए२ किंवा जी८४-६०२-ए२ असं कोरलेलं असतं. दुरुस्तीवाले शोधतात ती जी८४-६०३-ए२. शेजारी चार आकडी तारीख असते, त्यातले पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. ०८४३ म्हणजे २००८ चा ४३ वा आठवडा. खोटा छाप मारलेल्या आणि भंगारातून काढून पुन्हा गोळे लावलेल्या चिपाही बाजारात फिरतात. बसवण्याआधी नव्या चिपचा दोन्ही बाजूंनी फोटो मागा. दुकानदार खळखळ करत असेल तर दुसरं दुकान बघा.

दुकानात आणखी दोन गोष्टी विचारा. बोर्डाला खालून ताप देणारं मशीन आहे का, की नुसती हातातली हीट गन? खालून साधारण १५० अंशांची ऊब नसेल तर वरून मारलेल्या उष्णतेने बोर्ड एका जागी फुगून वाकतो. दुसरं, चिप काढण्याआधी बोर्ड १२५ अंशांवर काही तास सुकवतात का? कोकणपट्टीत तर हे हवंच. बोर्डात मुरलेली आर्द्रता २०० अंशांच्या पुढे वाफ होऊन थर फोडते.

आता खरं सांगायचं तर तुमच्या कामासाठी यातलं काहीही करू नये. एखाद्या डेस्कटॉपमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं फायरवायर कार्ड बसवा. विंडोज १० वर अडलं तर मायक्रोसॉफ्टचा जुना, लेगसी म्हणून दिलेला १३९४ (म्हणजे फायरवायरचा) ड्रायव्हर टाका. एका तासाच्या टेपला सुमारे १३ जीबी जागा धरा.

प्रश्न : रेघा दिसल्या की दुकानदार लगेच ‘चिप गेली’ म्हणतो. चिप, स्क्रीन की केबल, हे घरी कसं ओळखावं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पैसे वाचवणारा प्रश्न आहे, कारण डिस्प्ले केबलचा खर्च चिपच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

सगळ्यात आधी एचडीएमआय किंवा व्हीजीएने टीव्ही अथवा मॉनिटर जोडा. बाहेरच्या पडद्यावर चित्र स्वच्छ असेल तर संशय लॅपटॉपच्या पॅनेलवर किंवा केबलवर. मग झाकण सावकाश पुढे-मागे करा. बिजागरीच्या ठरावीक कोनात रेघा येत-जात असतील तर केबल नक्की. ती बिजागरीतूनच वळसा घेऊन जाते आणि तिथेच झिजते.

दोन्ही पडद्यांवर तोच गोंधळ असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. रंगीत चौकोन स्क्रीनशॉटमध्येही उतरले असतील तर बिघाड चित्र तयार होतानाचा आहे, म्हणजे चिपचा, तिच्या मेमरीचा किंवा ड्रायव्हरचा. स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर चित्र तयार होतं नीट, पडद्यापर्यंत पोचताना बिघडतं.

ड्रायव्हर वेगळा काढायचा तर मशीन बंद करून चालू करा आणि सरळ बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर जा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर नसतोच. कंपनीच्या लोगोवर किंवा बायोसच्या पानावरही ठिपके, चुकीची अक्षरं, रेघा दिसल्या तर ड्रायव्हर बदलत बसू नका. उलट बायोस आणि सेफ मोड स्वच्छ, पण विंडोज पूर्ण सुरू होताना पडदा काळा, असं असेल तर निष्कर्षाची घाई नको: सेफ मोडमध्ये चिपवर काहीच भार नसतो, त्यामुळे अर्धवट मेलेली चिपही तिथे शहाण्यासारखी वागते. अशा वेळी जुना ड्रायव्हर पूर्ण काढून लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचा टाका, एकदाच. त्यानंतरही विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टीमच्या नोंदीत, ४१०१ क्रमांक (ड्रायव्हर अडकून सावरल्याची नोंद) पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा निळ्या पडद्यावर व्हिडिओ टीडीआर फेल्युअर दिसत असेल, तर चिपकडेच बोट जातं.

डेलच्या बहुतेक लॅपटॉपांत पॅनेलची स्वतःची चाचणी आहे: डी हे बटन दाबून धरून पॉवर दाबा. पडदा एकेक रंगाने भरतो. हे रंग स्वच्छ दिसले तर पॅनेल ठीक.

प्रश्न : २०११ च्या १५ इंची मॅकबुक प्रोमधली वेगळी ग्राफिक्स चिप कायमची बंद करून मशीन वापरता येतं का? लिहिण्यापुरतंच हवं आहे.
— एक वाचक, पणजी

उत्तर : येतं, आणि लिहिण्यापुरतं हवं असेल तर हाच मार्ग बरा.

या मॉडेलमध्ये एएमडी रेडिऑन ६००० मालिकेची चिप आणि प्रोसेसरमधलं इंटेल एचडी ३००० असे दोन ग्राफिक्स आहेत. कोण चालवायचं ते बोर्डावरची एक तिसरी चिप ठरवते. रेडिऑन निकामी होण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की ॲपलने फेब्रुवारी २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढली. ती कधीच संपली. त्यात बदलून मिळालेल्या बोर्डांवरही तशाच चिपा होत्या, म्हणून ‘बोर्ड बदललेला आहे’ एवढ्यावर जुनं मशीन विकत घेऊ नका.

बंद करण्याचे दोन प्रकार. पहिला सॉफ्टवेअरचा. कमांड आणि एस दाबून सिंगल यूझरमध्ये, म्हणजे नुसत्या कमांड टाइप करायच्या पडद्यावर जायचं, एनव्हीरॅममध्ये (मशीन बंद असतानाही सेटिंग जपणाऱ्या छोट्या मेमरीत) ‘इंटेल वापर’ अशी नोंद करायची आणि सिस्टीमच्या एक्स्टेन्शन फोल्डरमधली एएमडी रेडिऑन एक्स ३००० ही फाइल दुसरीकडे हलवायची. फाइल पुसू नका, हलवा. पण एनव्हीरॅम रीसेट केलं की नोंद जाते, आणि सिस्टीमचा अपडेट आला की फाइल परत येते. कमांडची नेमकी ओळ कागदावर लिहून चार्जरच्या पिशवीत ठेवा. गरज पडेल तेव्हा पडदा बंद असेल.

दुसरा कायमचा. दुरुस्तीवाला निवड करणाऱ्या तिसऱ्या चिपचा प्रोग्राम बदलतो आणि रेडिऑनची वीज तोडतो. मग अपडेट, रीसेट काही झालं तरी इंटेलच चालतं, मशीन थंड राहतं आणि बॅटरीही जास्त पुरते. हे काम २०११ च्या बोर्डावर आधी हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट गमावता. बाहेरचा मॉनिटर चालणार नाही, कारण थंडरबोल्ट पोर्टचं चित्र फक्त रेडिऑनकडून जातं. सॉफ्टवेअरच्या मार्गात स्लीपमधून उठताना पडदा काळा राहण्याचा त्रासही होतो. या मॉडेलसाठी ॲपलची शेवटची सिस्टीम हाय सिएरा आहे आणि तिला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. लिहिणं ठीक, बँकेचे व्यवहार नकोत.

जाता जाता : त्याच्या आधीचं, २०१० च्या मध्याचं १५ इंची मॉडेल वेगळं आहे. त्यात जीटी ३३० एम चिपकडे वळताना मशीन कोसळतं, पण दोष बहुधा चिपचा नसून तिला वीज पुरवणाऱ्या भागातल्या एका कपॅसिटरचा असतो. बोर्डावर त्याचा क्रमांक सी ९५६०. एवढासा भाग बदलला की काम होतं. त्याच्यासाठी चिप भाजून घेऊ नका.

प्रश्न : डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियापुढे पिवळा त्रिकोण आणि ‘कोड ४३’ येतो. लॅपटॉप चालतो, पण मधूनच गोठतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा लॅपटॉप ऑप्टिमस पद्धतीचा दिसतो. त्यात पडदा इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेला असतो, एनव्हिडिया फक्त जड कामाला बोलावली जाते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियावर उजवी क्लिक करून ‘डिसेबल’ करा आणि आठवडाभर वापरा. गोठणं थांबलं तर तसाच चालू ठेवा. ऑफिसचं काम, व्हिडिओ, ब्राउझर यांना इंटेल पुरतं. विंडोजचा अपडेट ड्रायव्हर पुन्हा टाकून तिला जागी करू शकतो, तेव्हा पुन्हा डिसेबल करा. बायोसमध्येच बंद करण्याची सोय असेल तर ती जास्त पक्की. एचडीएमआय न चालल्यास घाबरू नका. काही मॉडेलांत तो पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेला असतो.

प्रश्न : घरच्या ओव्हनमध्ये मदरबोर्ड दहा मिनिटं भाजायचा उपाय कितपत खरा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चालू होतो, हे खरं; का होतो ते पहिल्या उत्तरात आलं. बोर्डावरचे प्लॅस्टिकचे जोड मऊ होतात, कपॅसिटर फुगतात, आणि फ्लक्सचा (डाख लावताना वापरलेल्या रसायनाचा) धूर ज्या ओव्हनमध्ये होतो त्यात पुढे नानकटाई भाजायची असते. करू नका.

प्रश्न : चिप अजून ठीक आहे, पण गेमशिवायही ९० अंश दाखवते. काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी जाळी साफ करा. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून हवा मारून तो निघत नाही, पंखा खोलूनच काढावा लागतो. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, भरधाव फिरली तर बेअरिंग जातं.

चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलताना जुनी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डायवर तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट पुरे. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे असतात. त्याच क्रमाने, थोडं थोडं आवळा. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर डायचा कोपरा उडतो.

खरी चूक होते ती पॅडमध्ये. ग्राफिक्सच्या मेमरीवर पेस्ट नसते, मऊ थर्मल पॅड असतो, अर्धा, एक किंवा दीड मिलिमीटरचा. अर्ध्याच्या जागी एकचा पॅड बसवला तर हीटसिंक उचलला जातो, डायला टेकतच नाही आणि साफसफाईनंतर तापमान आधीपेक्षा वाढतं. जुना पॅड दबलेला असतो, म्हणून त्याच्या न दबलेल्या कडेशी जाडी मोजा.

तरीही आकडा खाली आला नाही तर पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करा. प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे वाढीव वेग, बंद होतो. बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच तांब्याच्या नळीवर असतात, त्यामुळे दोघंही थंड होतात.

आणि लॅपटॉप खोलण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आत्ताच कागदावर उतरवा. पुढे कधी चिप गेलीच, तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावल्यावर पहिली मागणी तिचीच होईल.