निवडक गाण्यांच्या संकलनातून ‘प्रॉग’चे नवे चाहते घडतात का?

वाचकांचे प्रश्न : पाश्चात्त्य संगीत

प्रश्न : सप्रेम नमस्कार. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करून मी निवृत्त झालो असून कॉलेजच्या दिवसांपासून येस, जेनेसिस, जेथ्रो टल, किंग क्रिमसन हे बँड ऐकत आलो आहे. माझ्या पुतणीने यंदा अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आणि ‘काका, तुमच्या त्या लांबलचक गाण्यांपैकी काहीतरी मलाही ऐकायला द्या’ असे ती आपणहून म्हणाली. तिला एखादे ‘बेस्ट ऑफ’ संकलन द्यावे असे माझ्या मनात होते. परंतु रविवारी गंगापूर रोडला एका मित्राच्या घरी आम्ही काहीजण जमतो, तेथे हा विषय निघाला आणि चांगलीच जुंपली. एकाच्या मते अशी संकलने हा बँडचा अपमान असून त्यांतून आजवर एकही खरा चाहता घडलेला नाही. दुसरा म्हणतो की आपण सगळेच कोणत्या ना कोणत्या निवडक गाण्यांच्या कॅसेटमधून या संगीताकडे आलो. आपले मत कळवावे.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : माझे मत आपल्या पहिल्या मित्राच्या बाजूने झुकते, मात्र त्यांचे कारण मला मान्य नाही. येथे अपमानाचा प्रश्नच येत नाही, कारण अनेक बँडांनी आपली संकलने स्वतः लक्ष घालून काढली आहेत. प्रश्न इतकाच आहे की ज्या गुणासाठी माणूस प्रोग्रेसिव्ह रॉकच्या (थोडक्यात ‘प्रॉग’च्या, म्हणजे लांबलचक, अनेक भागांच्या रचना करणाऱ्या रॉक संगीताच्या) नादी लागतो तो गुण संकलनात शिल्लक राहतो का, आणि शिल्लक राहिलाच, तर ऐकणाऱ्याला पुढचा अल्बम शोधावासा वाटतो का.

हे संगीत मुळात लाँगप्ले तबकडीच्या मापाने रचले गेले. तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटे मावतात, आणि येसच्या १९७२ मधील ‘क्लोज टू द एज’ या अल्बमची पहिली बाजू त्याच नावाच्या एकाच रचनेने व्यापलेली आहे. संपूर्ण अल्बममध्ये गाणी तीनच. त्याच वर्षीच्या जेथ्रो टलच्या ‘थिक ॲज अ ब्रिक’मध्ये तर दोन्ही बाजू मिळून एकच रचना आहे, आणि ती मध्येच तुटते याचे कारण तबकडी उलटावी लागते, एवढेच. आता ही रचना संकलनात घालायची कशी? १९७६ च्या ‘एम.यू. – द बेस्ट ऑफ जेथ्रो टल’मध्ये तिचा आरंभीचा तीनेक मिनिटांचा तुकडा घेतला आहे. अकूस्टिक गिटार, बासरी आणि एक गोड चाल एवढेच त्यात येते, त्यामुळे नवख्या श्रोत्याला हा लोकगीतांचा बँड असावा असे वाटले तर दोष त्याचा नाही. पुढे हीच चाल किती वेषांतरे करून परत येते, हे त्याला कळायला वावच नाही. कीर्तनातला गजर तेवढा ऐकवून ‘आता आख्यानाची गोडी लागू दे’ असे म्हणण्यासारखे ते आहे.

याहून बोलके उदाहरण रश या बँडचे आहे. त्यांच्या १९७६ च्या ‘२११२’ या सात भागांच्या रचनेत एक कथा आहे : भविष्यातील एका जगावर पुजाऱ्यांची सत्ता चालते, तेथे एका माणसाला गिटार सापडते, तो ती मोठ्या आनंदाने पुजाऱ्यांपुढे नेतो आणि ते त्याला झिडकारतात. १९९० मध्ये निघालेल्या ‘क्रॉनिकल्स’ या दोन तबकड्यांच्या संकलनात यातले पहिले दोनच भाग आहेत, म्हणजे नांदी आणि पुजाऱ्यांची दर्पोक्ती. ज्याला गिटार सापडते तो नायक संकलनात येतच नाही! गायक गेडी ली पुजाऱ्यांच्या तोंडी किंचाळतो ते ऐकून पुष्कळांनी रशला कायमचा रामराम ठोकला असेल, आणि तिसऱ्या भागात तोच गायक किती हळुवार होतो हे त्यांना कधी समजलेच नसेल.

पिंक फ्लॉइडच्या २००१ मधील ‘एकोज’ या संकलनाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ते काम जाणत्या हाताने झाले आहे. जेम्स गथ्री या ध्वनिमुद्रकाने सव्वीस गाणी कालक्रम न पाळता, पण एकातून दुसरे निघावे अशी जोडली आहेत. तरीही ज्या रचनेचे नाव संकलनाला दिले तीच मूळ साडेतेवीस मिनिटांवरून सुमारे साडेसोळा मिनिटांवर आणलेली आहे. शिवाय फ्लॉइडला नवे श्रोते मिळवून द्यायला कोणत्याच संकलनाची गरज नव्हती. ते काम १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ करीतच होता. १९७३ ते १९८८ या काळात तो अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ या लोकप्रिय अल्बमच्या यादीत ७४१ आठवडे होता, आणि तो सलग ऐकण्याचाच अल्बम आहे.

यावर आपले दुसरे मित्र म्हणतील की छोट्या तुकड्याने माणूस वेडा होत नाही असे थोडेच आहे. बरोबर आहे. भीमसेन जोशी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी तबकडीवर ऐकून भारावले आणि पुढे गाणे शिकण्यासाठी घर सोडून निघाले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, आणि ती तबकडी तीनेक मिनिटांचीच होती. परंतु ती तीन मिनिटे खाँसाहेबांनी स्वतः तीन मिनिटांसाठी गायिलेली आहेत. त्यांत आरंभ, भर आणि शेवट सारे काही आहे. तासाभराच्या मैफलीतून कोणी कात्रीने कापून काढलेला तो भाग नव्हे. प्रॉगमधील ज्या रचना मुळातच आटोपशीर आहेत, त्या संकलनात अशाच सुखाने नांदतात : एमर्सन, लेक अँड पामरचे ‘लकी मॅन’, रशचे ‘क्लोजर टू द हार्ट’, कॅन्ससचे ‘डस्ट इन द विंड’. म्हणूनच कॅन्ससचे १९८४ चे ‘बेस्ट ऑफ’ अमेरिकेत घरोघरी पोचले. मात्र त्या मार्गाने आलेला श्रोता त्या गाण्यांचा चाहता असतो, त्या बँडच्या दहा मिनिटांच्या व्हायोलिन-ऑर्गनच्या झटापटीचा तो असेलच असे नाही. जेनेसिसच्या बाबतीत ही दरी फारच रुंद आहे. ‘इन्व्हिजिबल टच’ हे त्यांचे पुढच्या काळातील सुटसुटीत पॉप गाणे आवडले म्हणून कोणी १९७२ चा ‘फॉक्सट्रॉट’ घरी आणला, तर तेव्हाचा गायक पीटर गेब्रिएल याचा नाटकी आवाज आणि तेवीस मिनिटांचे ‘सपर्स रेडी’ ऐकून आपल्याला दुसऱ्याच कोणाची तबकडी बांधून दिली की काय, अशी शंका त्याला येईल.

आता कॅसेटचा मुद्दा. मेन रोडच्या किंवा शालिमारच्या दुकानात गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट देऊन ती भरून घेण्याचे दिवस आपण पाहिलेले असणार. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूस एक पूर्ण अल्बम मावत असे, आणि उरलेल्या पाच-सात मिनिटांत दुकानदार स्वतःच्या मनाने दुसऱ्याच बँडचे एखादे गाणे टाकीत असे. बाजू संपली की गाणे जेथे असेल तेथे तुटे. आपल्यापैकी किती जणांना त्या फुकटच्या अर्ध्या गाण्याने नादी लावले! ते कोणाचे हे विचारण्यासाठी पुन्हा दुकानात जावे लागे. आपल्या दुसऱ्या मित्रांच्या स्मरणात जी कॅसेट आहे ती बहुधा अशीच असावी, आणि तिचा गुण कंपनीच्या ‘बेस्ट ऑफ’मध्ये नसतो. कंपनीचे संकलन घेतले की ‘चला, हा बँड आता आपल्याकडे आहे’ असे समाधान वाटते आणि कुतूहल तेथेच शमते. संकलनाविषयी माझी खरी तक्रार हीच आहे. अर्धे गाणे माणसाला दुकानाकडे परत पाठवीत असे; संकलन मात्र त्याला घरीच बसवते.

ब्रिटनमध्येही चाहते घडविण्याचे काम स्वस्त ‘सँपलर’ तबकड्यांनी अधिक केले असे मला वाटते. आयलंड कंपनीने १९६९ मध्ये ‘नाइस इनफ टू ईट’ ही तबकडी नेहमीच्या किमतीच्या निम्म्याहून कमी दरात काढली. तीत जेथ्रो टल होते, गायक निक ड्रेक होता आणि किंग क्रिमसनचे सात मिनिटांहून मोठे ‘ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ही होते. प्रत्येकाचे एखाददुसरेच गाणे असल्यामुळे ज्याचे आवडले त्याचा अल्बम घेणे ओघानेच आले. रेडिओसाठी कापलेल्या गाण्याचाही परिणाम असाच होई. येसच्या ‘राउंडअबाउट’ची साडेआठ मिनिटे छाटून साडेतीन केली, ते १९७२ मध्ये अमेरिकेच्या यादीत तेराव्या क्रमांकावर गेले आणि लोकांनी ‘फ्रॅजाइल’ हा अल्बम विकत घेतला, ज्यात ते गाणे अख्खे होते. म्हणजे कापलेला तुकडा आमंत्रण म्हणून चालतो. गडबड होते ती त्याच तुकड्यांचे दालन मांडून ‘हाच बँड’ असे सांगितल्यावर.

पुतणीला ‘फ्रॅजाइल’च द्यावा. त्यात नऊ रचना आहेत, त्यांपैकी चार साऱ्या बँडच्या आणि पाच प्रत्येक वादकाने आपापल्या कल्पनेने केलेल्या छोट्या. त्यामुळे विविधता हवी असेल तर ती मिळते आणि लांबीचीही सवय होते. ‘राउंडअबाउट’च्या आरंभी उलटा वाजवलेला पियानोचा स्वर हळूहळू फुगत येतो आणि तो तुटतो तेथे स्टीव्ह हाउच्या गिटारचे नाजूक स्वर उमटतात, त्यानंतर ख्रिस स्क्वायरचा बास जो खरखरीत आवाजात घुसतो, तो चांगल्या हेडफोनवरच ऐकवावा. मोबाइलच्या स्पीकरवर तो नाहीसा होतो. ऐकून झाल्यावर लगेच ‘कसे वाटले?’ असे विचारू नये, ही आगाऊ सूचना.

प्रश्न : मग ही संकलने कंपन्या नेमकी कोणासाठी काढतात?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : बऱ्याचदा जुन्याच चाहत्यांसाठी. ज्यांच्याकडे सगळे अल्बम आहेत त्यांनीही पुन्हा पैसे मोजावेत म्हणून एखादी नवी गोष्ट मुद्दाम घातलेली असते. जेनेसिसच्या १९९९ च्या ‘टर्न इट ऑन अगेन : द हिट्स’मध्ये ‘द कार्पेट क्रॉलर्स’ नव्याने ध्वनिमुद्रित केलेले आहे, तर ड्रीम थिएटरने २००८ च्या संकलनात ‘पुल मी अंडर’ नव्याने मिक्स करून दिले. या संकलनाच्या नावातच बँडने स्वतःची थट्टा केली आहे : ‘ग्रेटेस्ट हिट’, एकवचनी, आणि पुढे ‘शिवाय आणखी एकवीस बऱ्यापैकी गाणी’ अशी पुस्ती.

कधीकधी कारण निव्वळ कायदेशीर असते. पिंक फ्लॉइडचे १९८१ चे ‘अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्ज’ अमेरिकेत काढताना ‘मनी’ या गाण्याचे हक्क असलेल्या जुन्या कंपनीने ते देण्यास नकार दिला, म्हणून बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर याने बहुतेक वाद्ये स्वतः वाजवून ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि सॅक्सोफोनला मूळचाच डिक पॅरी बोलावला. ज्या बँडच्या गाण्यांवर कोणी नाचत नाही त्याच्या संकलनाला हे नाव! नवख्याने ते पाहून काय समजायचे?

सर्वांत चमत्कारिक उदाहरण किंग क्रिमसनचे आहे. १९७६ मध्ये, बँड विसर्जित झाल्यानंतर, त्याचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याने ‘अ यंग पर्सन्स गाइड टू किंग क्रिमसन’ हा दोन तबकड्यांचा संच स्वतः निवडून काढला. नावावरून तो होतकरू श्रोत्यांसाठी आहे. आत मात्र ‘आय टॉक टू द विंड’चे १९६८ मधील, जूडी डायबल हिने गायिलेले कच्चे ध्वनिमुद्रण आहे आणि सोबत बँडच्या वाटचालीची माहिती देणारी पुस्तिका. मुरलेला चाहता ज्यावर झडप घालील असाच हा ऐवज होता. तरीही कोणी नवा माणूस या संचाने क्रिमसनकडे आला असेल तर मला नवल वाटणार नाही, कारण त्या पुस्तिकेतून प्रत्येक गाणे कोठून आले आणि पुढे काय ऐकायचे आहे याचा सुगावा लागतो. जेनेसिसच्या २००४ च्या ‘द प्लॅटिनम कलेक्शन’लाही मी थोडे झुकते माप देईन. त्याच्या तीन तबकड्या अलीकडच्या काळाकडून जुन्या काळाकडे जातात, म्हणजे ओळखीच्या गाण्यांनी सुरुवात होते, आणि तिसऱ्या तबकडीवर ‘सपर्स रेडी’ पूर्ण लांबीचे आहे.

प्रश्न : आम्ही विद्यार्थी ॲपवरच ऐकतो. आमच्या दृष्टीने हा वाद जुना नाही का?
— एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : तबकडीपुरता जुना आहे. आपल्या पिढीत पुष्कळांनी ‘राउंडअबाउट’ प्रथम ऐकले ते २०१२ पासूनच्या ‘जोजोज बिझार ॲडव्हेंचर’ या जपानी ॲनिमे मालिकेच्या शेवटी, आणि कॅन्ससचे ‘कॅरी ऑन वेवर्ड सन’ ऐकले ते ‘सुपरनॅचरल’ या मालिकेत. ही आमंत्रणे कोणत्याही ‘बेस्ट ऑफ’पेक्षा सरस ठरली असे मी म्हणेन. परंतु ॲप कलाकाराच्या नावाखाली सर्वाधिक ऐकली जाणारी गाणी सर्वांत वर दाखवते, तेही संकलनच असते, तेही कोणीही विचार करून न निवडलेले. त्यातले एखादे गाणे आवडले की खाली जाऊन तो अल्बम पहिल्यापासून लावावा, शफल बंद करावे, आणि ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधील ‘ब्रेन डॅमेज’ संपून ‘एक्लिप्स’ सुरू होताना मध्ये क्षणभर शांतता ऐकू आली, तर सेटिंगमध्ये जाऊन गॅपलेसचा (दोन गाण्यांमध्ये खंड न पडू देणारा) पर्याय चालू आहे का ते पाहावे.