आजोबांना हिरो करू नकोस, त्यांनी काय केलं ते लिही

पोरी,

तुझा मेसेज नीट वाचला. वर्षश्राद्धाला आजोबांवर पुस्तिका काढायची, काका म्हणतायत 1971 च्या बांगलादेश युद्धातली जमालपूरची लढाई टाक, आणि तू म्हणतेस आजोबा लढाईबद्दल कधी बोललेच नाहीत तर लिहू काय. अगं मग काकांना कशाला विचारतेस, ट्रंक उघड ना.

फौज सोडताना मिळालेलं डिस्चार्ज बुक काढ. पलटण कुठली, ट्रेड म्हणजे काम काय, भरती कधी, घरी कधी आले, ते त्यात मिळेल. (आजीच्या पेन्शनला पण हेच कागद लागतात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, लॅमिनेशन करू नकोस.) मग मेडल घे आणि कडेवर भिंगाने बघ, नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. ‘पूर्वी स्टार’ नावाचं मेडल असेल तर त्या युद्धात पूर्वेच्या आघाडीवर होते. नुसतं संग्राम मेडल असेल तर थांब, ते त्या काळात सेवेत असलेल्या जवळजवळ सगळ्यांनाच मिळालं.

जमालपूरचं मलाही माहितीये. मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, तिने शहराच्या दक्षिणेचा रस्ता अडवला, 10 डिसेंबर 1971 च्या रात्री आतली पाकिस्तानी फौज बाहेर पडायला बघत होती ती तिथंच मोडली आणि 11 ला जमालपूर पडलं. त्याआधी शरण या म्हणून पत्र गेलं तर पाकिस्तानी कर्नलने उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. वाचताना आजही छाती भरून येते. पण मराठ्यांच्या पलटणी कितीतरी होत्या. ज्यांनी ती रात्र काढली त्यांचा मान आहे तो, उचलून आपल्या माणसाला लावायचा नाही. आजोबा तिथे असतील तर मोठ्या अक्षरात लिही. नसतील तर जिथे होते तिथलं लिही, लांगरी म्हणजे पलटणीचे स्वयंपाकी असले तरी लिही, पलटण जेवल्याशिवाय लढत नाही.

आणि दुकान? पूर्ण मेसेजमध्ये दुकानाची एक ओळ! फौजेपेक्षा जास्त वर्षं तो माणूस सायकलच्या दुकानात उभा होता. रिमचा आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढताना बघितलंयस ना तू, चाक फिरवायचं, एक डोळा बारीक, स्पोकला अर्धा आटा, परत फिरवायचं, गिऱ्हाईक म्हणायचं चालेल हो तात्या, तरी सोडायचे नाहीत. भाड्याच्या सायकलींची वही होती, नाव आणि वेळ. दहा मिनिटं उशीर झाला तर पुढच्या अर्ध्या तासाचे पैसे घ्यायचेच, माझ्याकडून घेतलेत, मी रडलो तरी घेतलेत. ते पण लिही. मग घरोघरी गाड्या आल्या, भाडं बंद पडलं, तर त्याच फळकुटावर कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्त करायला बसले. त्यांनी काय केलं ते लिही, बास.

मी इतका हट्ट का करतो सांगू? पेपरात असताना श्रद्धांजलीचं पान माझ्याकडे होतं. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. नाव बदललं की कुणालाही चालेल असला मजकूर. माझे वडील गेले तेव्हा मी घरात भांडलो की त्यांनी काय केलं ते छापू, तर थोरले म्हणाले शोभत नाही, आणि तेच तीन शब्द छापले. आज ते कात्रण हातात घेतलं की त्यात वडील सापडत नाहीत. भाऊ म्हणतो तू तेव्हा तमाशा केलास. केला असेल, पण माझं म्हणणं बरोबर होतं आणि आजही आहे. तुझ्याकडे अजून वेळ आहे म्हणून तुझ्यावर चिडतोय, राग मानू नकोस.

काका ऐकत नसतील तर माझ्याशी बोलायला सांग. आजीला मात्र आजच विचार, दुकान टाकायला पैसे कुठून आणले, पहिली सायकल कुणाकडून घेतली, तिला सगळं आठवतं आणि तिला कोणी विचारतच नाही. भाड्याच्या वह्या माळ्यावर असतील, त्या रद्दीत जाऊ देऊ नकोस. रविवारी मी येतो, आपण दोघं बसून चाळू.